फोटोचा दर: कागदापासून वापरापर्यंत

रोलचा जमाना होता तोवर कोकण किनाऱ्यावरच्या स्टुडिओत पैसे कागदाचे मोजले जात. पोस्टकार्ड साइजचा एक दर, जादा कॉपीचा वेगळा. निगेटिव्ह स्टुडिओच्या कपाटात, त्यामुळे गिऱ्हाईक परत तिथेच. कायदा वेगळंच सांगत होता. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. लग्नाच्या अल्बमचं हे झालं. मालवणच्या धक्क्यावरून हौसेने टिपलेल्या सूर्यास्ताचा हक्क टिपणाऱ्याचाच.

डिजिटल फाइल आली आणि निगेटिव्हचा हा धाक संपला. फोटो वापरायला देणाऱ्या जुन्या चित्रसंस्था परवाना देताना वापर बघून पैसे घेत: कॅलेंडर की जाहिरात, किती प्रती, किती महिने, कुठला देश. 2000 नंतर फोटो पुरवणाऱ्या परदेशी संकेतस्थळांनी डाउनलोडमागे किरकोळ दर लावले, पुढे मासिक वर्गणी आली.

‘रॉयल्टी-फ्री’ हा शब्द त्यांच्यामुळे घरोघरी पोचला आणि त्यातल्या ‘फ्री’ने पुरता घोळ घातला. अर्थ एवढाच, की पैसे एकदा द्यायचे, दर वापराला पुन्हा नाहीत. फुकट नव्हे, आणि मालकी तर नव्हेच. आपल्याकडे आंब्याची बाग हंगामापुरती कराराने देतात; फळ घेणाऱ्याचं, कलमं मालकाची. चित्रसंस्थांचा जुना परवाना असाच होता. रॉयल्टी-फ्रीत तीच बाग एकाच वेळी शंभर जणांना दिलेली असते, म्हणून ती स्वस्त. शेजारच्या होमस्टेच्या पत्रकावर तोच फोटो दिसला तर तक्रार करायला जागा नसते. टी-शर्टवर किंवा मगवर छापून विकायचा तर बहुतेक ठिकाणी विस्तारित परवाना वेगळा, महाग.

खरी भांडणं मात्र तोंडी व्यवहारात होतात. ‘वेबसाइटला एक फोटो पाठव’ म्हणून हजार रुपये दिले जातात आणि पुढच्या मे महिन्यात तोच फोटो महामार्गावरच्या फलकावर झळकतो. पैसे देणाऱ्याला वाटतं, फोटो विकत घेतलाय. ‘विकला’ हा शब्द फोटोग्राफरही वापरतो, हे त्याचं दुर्दैव. कायद्याला परवाना लेखी लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. दोन ओळींचं पत्र पुरतं, पण ते मागायला संकोच आडवा येतो.

2012 च्या दुरुस्तीने फोटोवरचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षांऐवजी फोटोग्राफरची हयात आणि त्यानंतर 60 वर्षं असा झाला. म्हणजे 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांचे आजचे फोटो नातवंडांच्याही कामी येतील. हर्णैच्या मासळी लिलावात ओळखू येणाऱ्या मावशींचा फोटो मात्र संमतीपत्रावर त्यांच्या सहीशिवाय फोटो पुरवणारी संकेतस्थळं जाहिरातीसाठी देत नाहीत. तो बातमी-लेखापुरता राहतो, आणि कमाईही तेवढीच.