तापमान सेन्सरचे सेटिंग ठरवायचे कोणी? ड्रायव्हरमधील एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

लिनक्स कर्नलमधील (कार्यप्रणालीच्या गाभ्यातील) तापमान सेन्सरच्या ड्रायव्हरला, म्हणजे त्या चिपशी बोलणाऱ्या प्रोग्रामला, एखादे नवे सेटिंग जोडायचे म्हटले, तर त्यासाठी लागणारा कोड बहुधा पाच-पन्नास ओळींचा असतो. चिपमधील रजिस्टर (मूल्य साठवणारा छोटा कप्पा) वाचायचे, त्यातले एक-दोन बिट बदलायचे आणि ते परत लिहायचे, एवढेच काम असते. तरीही अशा छोट्याशा बदलावर महिनोन्‌महिने चर्चा रंगते, कारण ते सेटिंग ठेवायचे कुठे आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाला द्यायचा, या प्रश्नाचे उत्तर कोडमध्ये नसते. ते गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हळूहळू घडत आले आहे, आणि अजून पुरते घडलेले नाही.

सुरुवात करावी लागते ती एलएम७५ या चिपपासून. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीने १९९० च्या दशकात आणलेला हा सेन्सर फिलिप्सने १९८२ मध्ये तयार केलेल्या आय-टू-सी बसवर, म्हणजे अनेक चिपांना जोडणाऱ्या सामायिक तारांवर, बोलतो. पत्त्यासाठी तीन पिना असल्याने एका बसवर असे आठ सेन्सर बसतात. त्यात रजिस्टरे चारच आहेत: एकात अर्ध्या अंशाच्या पायरीने मोजलेले तापमान, दोनांत मर्यादा आणि उरलेल्या एकात कॉन्फिगरेशन. वीज मिळताच वरची मर्यादा ८० अंश सेल्सिअस आणि खालची ७५ अंश अशी आपोआप बसते. तापमान ८० च्या वर गेले की चिपची एक पिन इशारा देते आणि ७५ च्या खाली आल्यावर तो इशारा मागे घेते. कॉन्फिगरेशनच्या रजिस्टरमध्ये पहिला बिट चिप झोपवण्यासाठी, दुसरा इशाऱ्याची पद्धत ठरवण्यासाठी आणि तिसरा इशाऱ्याच्या पिनची ध्रुवता (इशारा देताना पिनवरचे व्होल्टेज उच्च असावे की नीच) ठरवण्यासाठी आहे. पुढचे दोन बिट, मर्यादा लागोपाठ किती मोजण्यांत ओलांडली गेली म्हणजे ती खरी मानायची, हे ठरवतात. ही संख्या १, २, ४ किंवा ६ असू शकते आणि तिला ‘फॉल्ट क्यू’ म्हणतात. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या पाच बिटांत आहे, कारण एकाच बाइटमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या या निर्णयांचे खरे मालक वेगवेगळे आहेत. पिनची ध्रुवता बोर्ड आखणाऱ्याने तांब्याच्या रेषांत आधीच पक्की केलेली असते, तर चिप केव्हा झोपवायची हे यंत्र चालवणाऱ्याने पाहायचे असते.

लिनक्ससाठी एलएम७५चा ड्रायव्हर १९९८ च्या सुमारास फ्रोडो लोयार्ड यांनी ‘एलएम-सेन्सर्स’ या प्रकल्पात लिहिला. तेव्हा हा प्रकल्प कर्नलच्या बाहेर होता. त्या काळचे ड्रायव्हर कर्नलमधील माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या ‘प्रॉक’ फाइल-प्रणालीत प्रत्येक चिपसाठी एक डिरेक्टरी उघडत आणि एकाच फाइलमध्ये वरची मर्यादा, खालची मर्यादा व चालू तापमान असे तीन आकडे ओळीने छापत. मर्यादा बदलायची असेल तर त्याच फाइलमध्ये आकडे लिहायचे. नेहमीच्या वापरासाठी ‘इटीसी’ या डिरेक्टरीतील एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘सेट’ने सुरू होणारी ओळ लिहून ठेवायची आणि संगणक सुरू होताना एक आज्ञा देऊन ती सगळी मूल्ये चिपमध्ये उतरवायची, अशी पद्धत रुळली. ड्रायव्हरने स्वतः काही ठरवू नये, वापरकर्त्याने सांगितलेले तेवढे पोचवावे, ही भूमिका इथूनच आली. चिप मदरबोर्डवर होती, बायोसने (संगणक सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रामने) तिला आधीच हवे तसे लावलेले असे आणि त्यात ढवळाढवळ न करणेच शहाणपणाचे होते.

ते किती शहाणपणाचे होते, हे आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपांनी दाखवून दिले. बसवर कोणत्या पत्त्यावर कोणती चिप आहे हे चाचपण्यासाठी पाठवलेला निरुपद्रवी वाटणारा लहानसा संदेश त्या यंत्रांतील एका ईईप्रॉमला (वीज गेल्यावरही मजकूर टिकवणाऱ्या स्मृतिचिपला) लेखनाची आज्ञा वाटे. त्यातला मजकूर बिघडला की यंत्र सुरूच होत नसे. पुढे संबंधित बस-ड्रायव्हरने आयबीएमचे यंत्र दिसताच स्वतःला लोड करून घ्यायला नकार देण्याची तपासणी पत्करली. एलएम७५चा प्रश्न तर याहून नाजूक होता, कारण या चिपमध्ये स्वतःची ओळख सांगणारे रजिस्टरच नाही. न वापरलेले बिट शून्य आहेत का, तीच रजिस्टरे पुढच्या पत्त्यांवर पुन्हा दिसतात का, अशा खुणांवरून ड्रायव्हरला अंदाज बांधावा लागे. समोर नक्की कोण आहे याचीच खात्री नसताना त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहिणे म्हणजे धाडस होते, आणि ड्रायव्हरच्या लेखकांनी ते फारसे केले नाही. एलएम७५च्या अधिकृत दस्तऐवजात आजही एक प्रांजळ वाक्य आहे: एलएम७७ ही चिप चालत नाही, ‘आम्ही बराच काळ तसे भासवत होतो’ तरी. गंभीर तांत्रिक कागदपत्रांत अशी कबुली क्वचितच वाचायला मिळते.

डिसेंबर २००३ मध्ये कर्नलची २.६ ही आवृत्ती आली, त्याआधीच्या विकासकाळात हे ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये शिरले आणि २००५ मध्ये त्यांना ‘एचडब्ल्यूमॉन’ ही स्वतंत्र डिरेक्टरी मिळाली. ‘प्रॉक’ची जागा ‘सिसएफएस’ या तशाच दुसऱ्या फाइल-प्रणालीने घेतली आणि एका फाइलमध्ये एकच मूल्य हा नियम आला. तापमान अंशाच्या हजाराव्या भागांत लिहायचे, म्हणजे २५ अंशांसाठी २५००० आणि फाइलींची नावे सर्व चिपांसाठी सारखी ठेवायची, हेही ठरले. या ड्रायव्हरांची देखभाल करणारे ज्याँ देल्वार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सामायिक आराखडा नेटाने लावून धरला, म्हणून चिप कोणतीही असली तरी तिची मर्यादा त्याच नावाच्या फाइलमध्ये सापडते. या शिस्तीचा एक परिणाम मात्र कमी बोलला जातो. ज्या सेटिंगला सर्व चिपांत सारखा अर्थ नव्हता, त्याला प्रमाणित नाव मिळाले नाही आणि नाव नाही म्हणून फाइलही मिळाली नाही. फॉल्ट क्यू आणि ध्रुवता यांना या आराखड्यात जागाच उरली नाही.

दरम्यान एलएम७५च्या नकला वाढत गेल्या. डॅलस, मॅक्सिम, मायक्रोचिप, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स अशा अनेकांनी तीच रजिस्टरे ठेवून मूळ चिपमधील रिकाम्या बिटांत आपापल्या सोयी घातल्या. टेक्सासच्या टीएमपी७५मध्ये दोन बिट रेझोल्यूशनसाठी, म्हणजे मोजणीच्या बारकाव्यासाठी, आहेत. ९ बिटांच्या मोजणीला सुमारे २७.५ मिलिसेकंद लागतात, तर १२ बिटांच्या, म्हणजे ०.०६२५ अंशाच्या पायरीने होणाऱ्या मोजणीला सुमारे २२०. बारकावा हवा तर वेळ द्या, असा हा रोकडा व्यवहार आहे. २००८ मध्ये कर्नल-विकासक डेव्हिड ब्राउनेल यांनी ड्रायव्हरची फेररचना केली. चिपचे नाव चाचपून न शोधता बोर्डाच्या वर्णनातून मिळू लागले आणि एकच ड्रायव्हर डझनभर नकला हाताळू लागला. पण रेझोल्यूशन सर्वांसाठी जुन्या एलएम७५इतकेच, ९ बिटांचे राहिले. प्रत्येक चिपला तिच्या कुवतीप्रमाणे रेझोल्यूशन आणि वाचनाचा वेग मिळायला २०१३ उजाडले. तेव्हाही तो निर्णय ड्रायव्हरच्या आतच, चिपच्या प्रकारानुसार ठरलेल्या बिटांच्या रूपात बसवला गेला. ड्रायव्हर सुरू होताना मूळ कॉन्फिगरेशन वाचतो, त्यातले ठरावीक बिट पुसतो, ठरावीक बिट लावतो, बाकीच्यांना हात लावत नाही आणि निघून जाताना मूळ मूल्य परत लिहून जातो. पाहुण्याने घर जसे होते तसे आवरून जावे, तशी ही रीत आहे, आणि माझ्या मते या ड्रायव्हरमधला सर्वांत सुसंस्कृत भाग तोच आहे.

बायोस नसलेल्या एम्बेडेड बोर्डांवर (एखाद्या उपकरणात कायमच्या बसवलेल्या छोट्या संगणकांवर) मात्र आवरून ठेवलेले घरच नसते. प्रत्येक बोर्डासाठी स्वतंत्र सी फाइल लिहिण्याच्या जुन्या पद्धतीने एआरएम प्रोसेसरसाठीच्या कोडमध्ये एवढी गर्दी झाली, की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडले आहे हे सांगणारी वेगळी फाइल, हा पर्याय एआरएमवर झपाट्याने पसरला. त्यासोबत एक कडक दंडकही आला: ट्रीमध्ये हार्डवेअरचे वर्णन करायचे, धोरण सांगायचे नाही. ध्रुवता वर्णनात बसते, कारण ती तारांवर अवलंबून असते. वाचन दर किती मिलिसेकंदांनी व्हावे हे धोरण आहे, म्हणून ते वापरकर्त्याच्या फाइलमध्ये जाते. २०१९ मध्ये एलएम७५ ड्रायव्हरमध्ये काही चिपांसाठी वाचनाचा कालावधी ‘सिसएफएस’मधून बदलता येऊ लागला, तो याच विभागणीनुसार. हा दंडक लिनक्सचा आहे, सर्वांचा नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या झेफर या छोट्या कार्यप्रणालीत डिव्हाइस ट्रीने हार्डवेअरसोबत त्याची सुरुवातीची मांडणीही सांगावी, असेच अपेक्षित आहे. तिथे ट्री बांधणीच्या वेळीच कोडमध्ये मिसळून जाते, त्यामुळे लिनक्सइतका संकोच बाळगण्याचे कारण नसते.

या सगळ्या वाटचालीचा निष्कर्ष एका ठिकाणी पाहायचा असेल, तर अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसच्या मॅक्स३१८२७ या सेन्सरचा ड्रायव्हर पाहावा. तो २०२३ मध्ये कर्नलमध्ये आला आणि त्याच वर्षाअखेर त्याला नवी सेटिंगे जोडण्याचे काम झाले. इशाऱ्याची पद्धत, पिनची ध्रुवता, बसचा टाइमआउट (संवाद अडकल्यास तो सोडून देण्याची मुदत) आणि फॉल्ट क्यू ही डिव्हाइस ट्रीमध्ये गेली. रेझोल्यूशन आणि वाचनाचा कालावधी वापरकर्त्याच्या हाती राहिले. फॉल्ट क्यूबद्दल दुमत होऊ शकते. विजेचा गोंगाट बोर्डाच्या आखणीवर अवलंबून असतो, म्हणून किती मोजण्यांवर विश्वास ठेवायचा हे हार्डवेअरचेच वर्णन ठरते, असे त्याच्या बाजूने म्हणता येते. पण खोटा इशारा परवडेल की उशिरा आलेला, हे ठरवणारा माणूस बोर्ड आखणाऱ्याहून वेगळा असू शकतो, आणि मला स्वतःला हा दुसरा मुद्दा अधिक वजनदार वाटतो. ट्रीमध्ये काहीच लिहिलेले नसेल तर हा ड्रायव्हर त्या चिपसाठी ठरलेली मूल्ये स्वतः लिहितो. एलएम७५चा ड्रायव्हर मात्र आजही बहुतेक चिपांसाठी ध्रुवतेच्या बिटाला हात न लावता, आधी तिथे जे असेल ते तसेच राहू देतो, कारण वीस-बावीस वर्षांतले कितीतरी बोर्ड त्याच वागणुकीच्या भरवशावर चालत आले आहेत आणि कर्नलमध्ये चालती गोष्ट मोडण्याची मुभा नसते.