हद्दवाढीत आलेली झाडं, कायद्याबाहेरची कुंपणं

सोलापुरात लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं, झाड तोडायला परवानगी लागते का, हे झाड कुठं उभं आहे त्यावर ठरतं. वृक्षतोड म्हटलं की शिवकाळातल्या हुकमाची आठवण सगळेच काढतात. आजचा कारभार मात्र दोन कायद्यांवर चालतो: शेतशिवारासाठी 1964चा वृक्षतोड विनियमन कायदा आणि शहरासाठी 1975चा, नागरी क्षेत्रांतली झाडं जपण्याचा.

1964चा कायदा अनुसूचीपुरता आहे. साग, चंदन, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ अशा 16 जाती तीत आहेत. यादी वाचताना लाकडाची वखार आणि घाटाखालचं जंगल डोळ्यांपुढे येतं. पण वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात बांधावर तग धरतात ते लिंब, बाभूळ, बोर. आणि नेमकी हीच नावं यादीत नाहीत.

1975च्या कायद्यात जातींची अशी यादी नाही. वृक्ष प्राधिकरण नेमायचं, दर पाच वर्षांनी झाडं मोजायची, परवानगीशिवाय तोडू द्यायचं नाही. अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्यानं पाहणी करायची, झाडाच्या बुंध्यावर नोटीस डकवायची, लोकांच्या हरकती ऐकायच्या. ही नोटीस म्हणजे एक साधा छापील कागद. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना झाड जाणार असल्याचं कळतं ते त्यातूनच, आणि मला तरी या कायद्यातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच वाटते.

सोलापूरपुरतं बोलायचं तर खरा फरक 1992च्या हद्दवाढीनं पडला. शहराचं क्षेत्र सुमारे 33 चौरस किलोमीटरवरून 178वर गेलं. बाळे, शेळगी, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी आत आली आणि तिथल्या बांधावरच्या लिंबांना एका फटक्यात शहरी कायद्याचं छत्र मिळालं. पुढे त्याच जमिनी एनए म्हणजे बिगरशेती झाल्या, बांध फुटले, प्लॉट पडले.

त्यात कुंपणं गेली ती कुणी मोजली नाहीत. घायपात, निवडुंग, शेर यांची दाट ओळ, मध्ये उगवलेली बोर, खाली मुंगसाचं बीळ. गुरं अडवायला लावलेलं हे कुंपण वाराही अडवी आणि मातीही धरून ठेवी. दोन्ही कायदे झाडाचे. कुंपणाला जागा कुठल्याच नाही. इंग्लंडमध्ये 1997पासून ग्रामीण भागातलं जुनं कुंपण काढण्याआधी स्थानिक नियोजन कार्यालयाला कळवावं लागतं, म्हणजे तिकडे हे काम नगररचनेच्याच हाती आहे. आपला 1915चा मुंबई नगररचना कायदा इंग्रजी अमदानीतला, पण झाडांचं संरक्षण आपल्याकडे नगररचनेत मुरलंच नाही. 1966चा प्रादेशिक व नगररचना कायदा एकीकडे, झाडांचा दुसरीकडे. म्हणून आजही लेआउटची फाइल नगररचना विभागात आणि झाडाची उद्यान विभागात.

2020च्या एकत्रित विकास नियमावलीत 0.4 हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटला 10 टक्के मोकळी जागा सोडणं आहे. 1975च्या कायद्यात 2021ला झालेल्या दुरुस्तीनं 50 वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. तोडलं तर झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची. रस्त्याकडेच्या जुन्या वड-चिंचांना याचा आधार आहे. बांधावरच्या लिंबाचं वय मात्र कुठल्याच दप्तरात नसतं. ते बुंध्याच्या घेरावरून अंदाजानं काढावं लागतं, आणि वाद तिथंच सुरू होतो.