दोनच रंग आणि सळसळणारे ठिपके

१८०२ साली लंडनहून पूर्वेकडे निघालेलं एक व्यापारी जहाज पाच वर्षांनी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतं. शिडांची दशा झालेली, खलाशी एकही दिसत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा विमा-निरीक्षक म्हणून आपण त्यावर चढायचं आणि साठ माणसांपैकी कोण कोण होतं, प्रत्येकाचं काय झालं, ते वहीत भरायचं. ही गोष्ट ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ या व्हिडिओ गेमची. तो ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. त्याचं प्रोग्रॅमिंग, चित्रं, संगीत, कथा हे सारं लुकास पोप या एकाच माणसाचं काम. त्यात चार वर्षांहून अधिक काळ गेला.

पोप आधी ‘नॉटी डॉग’ या मोठ्या कंपनीत होते. तिथले गेम खऱ्यासारख्या दिसणाऱ्या दृश्यांसाठी नावाजलेले. स्वतःच्या गेममध्ये मात्र त्यांनी प्रत्येक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा बारीकातला बारीक ठिपका, एकतर काळा किंवा पांढरा ठेवायचं ठरवलं, मधली छटा नाही. ऐंशीच्या दशकातल्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाचा पडदा असाच होता, ५१२ गुणिले ३४२ पिक्सेलचा. आठवणीतलं ते रूप त्यांना त्रिमितीत, माणूस जहाजावर हिंडत असताना हवं होतं. इथे अडचण सुरू झाली.

दोनच रंगांत करडी छटा दाखवण्याच्या युक्तीला डिथरिंग म्हणतात. वर्तमानपत्रातला जुना कृष्णधवल फोटो भिंगाखाली धरला की शाईचे लहानमोठे ठिपके दिसतात. दुरून डोळा त्यांची सरासरी काढतो आणि चेहरा दिसतो. संगणकासाठीची एक सुटसुटीत रीत कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७३ मध्ये मांडली. (मोबाइलच्या कॅमेऱ्यातला रंग टिपणारा ‘बायर फिल्टर’ही यांचाच.) आठ गुणिले आठ चौकटींची एक जाळी घ्यायची. चौसष्ट चौकटींत चौसष्ट वेगवेगळे आकडे. ही जाळी पडदाभर लागोपाठ मांडायची. पिक्सेलचा उजळपणा त्याच्या चौकटीतल्या आकड्याहून जास्त भरला तर तो पांढरा, नाहीतर काळा. निम्मा उजेड असलेल्या भिंतीवर निम्मे ठिपके पांढरे उमटतात.

चित्र जागेवर असेल तर हे सुंदर दिसतं. पण जाळी पडद्याला चिकटलेली असते आणि खेळाडू मान वळवतो तेव्हा जहाज पडद्यावरून सरकतं. ठिपके जागच्या जागी राहतात, त्यांच्यामागून डेक वाहत जातो, आणि कडेकडेचे पिक्सेल सतत काळ्याचे पांढरे होतात. छोट्या खिडकीत ते खपून जातं. आजच्या मोठ्या मॉनिटरवर, पडदाभर, डोळे दुखतात.

मग ठिपके भिंतींना, फळ्यांनाच चिकटवले तर? तर जवळच्या फळीवरचे ठिपके मोठाले होतात, लांबचे पिक्सेलपेक्षाही बारीक होऊन त्यांची गिचमिड होते. पोप यांना अखेर सापडलेली वाट मला फार देखणी वाटते. त्यांनी जाळी पडद्यावरून काढली, वस्तूंवरही ठेवली नाही. खेळाडूच्या भोवती एक अदृश्य पोकळ गोळा कल्पून त्याच्या आतल्या बाजूला ती लावली. आता मान वळली की दृश्य आणि ठिपके बरोबरीने सरकतात. चालताना अजूनही थोडी सळसळ होते, पण अशा गेममध्ये चित्र सर्वांत जोरात हलतं ते मान वळवतानाच. म्हणजे दुखणं पूर्ण गेलं नाही. जिथे सर्वांत जास्त दुखत होतं तिथे गेलं. एकट्याने काम करणाऱ्याला ही पारख लागते, आणि ती प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकातून येत नाही.

एवढा खटाटोप ठिपक्यांसाठी का, असा प्रश्न रास्त आहे. या गेमचा जीवच निरखण्यात आहे. माणूस ओळखायचा तो कपड्यांवरून, बुटांवरून, कुणाच्या शेजारी उभा आहे त्यावरून. दृश्य डोळ्यांना टोचलं असतं तर कुणी इतका वेळ पाहत बसलं नसतं. म्हणून वस्तूंच्या कडा रेघेने वेगळ्या काढायलाही त्यांनी तितकाच जीव ओतला. आणि कष्ट कुठे वाचवले? मृत्यूचा क्षण इथे गोठलेला दिसतो. आवाज ऐकू येतात, पण त्या प्रसंगात कुणी हलत नाही, आपण त्यांच्यामधून फिरतो. साठ जणांना लढवणं, पाडणं, बुडवणं एका माणसाच्या हातचं नव्हे. ते वाचलं, आणि शिवाय गोठलेल्या क्षणात खेळाडूला हवं तितकं निरखता आलं. २०१९ मध्ये या गेमला ‘बाफ्टा’ या ब्रिटिश संस्थेचे दोन पुरस्कार मिळाले, एक कलेसाठी, एक गेमच्या रचनेसाठी.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नेही असाच निर्णय घेतलेला दिसतो. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या त्यांच्या ‘राजी’ या गेममध्ये पळवून नेलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. राजस्थानी वळणाचे महाल, पाणी, उजेड यांवर ‘अनरियल इंजिन’ या गेम घडवण्याच्या सॉफ्टवेअरची ताकद त्यांनी हात राखून वापरलेली नाही. पण कथा पुढे नेणारे प्रसंग छायाबाहुल्यांचे आहेत. हुबेहूब हलणारा मानवी चेहरा घडवणं लहान चमूला खर्चात पाडतं. बाहुलीला सांधे हलले की पुरतं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, पडद्यामागचा दिवा आणि निवेदकाचा आवाज चांगला असला की बाहुलीच्या चेहऱ्यावर भाव का नाहीत, असं कुणी विचारत नाही.