सुवाह्य बाष्पशोधक

कारखान्याच्या हवेत मिसळलेल्या रासायनिक वाफा जागच्या जागी मोजणारे, हातात धरायचे किंवा कॉलरला अडकवायचे उपकरण. कामगारांच्या तोंडी ‘गॅस डिटेक्टर’ किंवा नुसते ‘मीटर’. नाकावर विसंबून चालत नाही. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या) आसपास गेला, की वास येणेच बंद होते.

रंग, औषधे, छपाई अशा सॉल्व्हंट (विद्रावक) वापरणाऱ्या उद्योगांत पीआयडी (फोटो-आयोनायझेशन डिटेक्टर) प्रकारचा शोधक जास्त चालतो. त्यातल्या छोट्या दिव्याच्या अतिनील किरणांनी वाफेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यामुळे वाहणारा सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह मोजला जातो. दिवा बहुधा १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (हे किरणांच्या ऊर्जेचे माप) असतो. टोल्युइनला ८.८२ आणि बेंझिनला ९.२४ पुरतात, म्हणून ती पकडली जातात. मिथेनॉलला मात्र १०.८५ लागतात. त्याच्या वाफा भरून राहिल्या तरी पडद्यावर शून्यच दिसते, आणि हे शून्य ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती मीटर देणे धोक्याचे.

हे उपकरण पदार्थाचे नावही सांगत नाही. ते आयसोब्युटिलीन वायूवर जुळवलेले असते आणि समोर येईल ते त्याच मापाने मोजते. बेंझिनसाठी आकडा साधारण निम्मा करावा लागतो. मिश्रण असेल तर आधी रसायनांची यादीच हवी. दमट हवेत आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो, म्हणून महाड, लोटे-परशुराम अशा कोकणातल्या रासायनिक वसाहतींत पावसाळ्यात विशेष जपावे लागते.

खरी कसोटी लागते ती टाकी साफ करताना. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ नुसार, धोकादायक वायू असू शकेल अशा टाकीत माणूस उतरवण्याआधी सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनसाधन व पट्टा लावायचा, अशी तरतूद झाली. मॅनहोलच्या तोंडाशी मीटर धरून परवाना देणे म्हणजे चाचणी नव्हे. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती तळाशी बसते. नळी वर, मध्ये आणि तळापर्यंत सोडायची, आणि दर वेळी पंपाने ओढलेली हवा मीटरपर्यंत पोहोचेतो थांबायचे. ऑक्सिजन आणि ज्वलनशीलता यांसाठी वेगळे संवेदक लागतात. तळाचा गाळ फावड्याने हलला, की त्यात अडकलेली वाफ नव्याने सुटते. म्हणून माणूस आत असेपर्यंत मीटर चालूच ठेवतात.