वैद्यकीय भेटीचे ध्वनिमुद्रण

डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात तपासणीच्या किंवा सल्ल्याच्या वेळी झालेले बोलणे रेकॉर्ड करून ते रुग्णाला घरी न्यायला देण्याची पद्धत. रेकॉर्डिंग रुग्णालयाच्या यंत्रावर होते किंवा रुग्णाच्या स्वतःच्या मोबाइलवर. ते कुठेही झाले तरी रुग्णाच्या ताब्यात राहते, आणि ते केव्हा, किती वेळा, कोणाबरोबर ऐकायचे हे रुग्णच ठरवतो. रुग्णालय प्रशिक्षणासाठी, संशोधनासाठी किंवा स्वतःच्या दप्तरासाठी जे रेकॉर्डिंग करते ते या पद्धतीत मोडत नाही. कर्करोगाच्या उपचारांत तिचा सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे.

विस्मरण : या पद्धतीचे मूळ एका साध्या अडचणीत आहे. दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत माणूस ऐकलेले बरेचसे विसरलेला असतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फिलिप ले यांनी १९६० च्या दशकापासून यावर काम केले. रुग्णांना सुरुवातीला सांगितलेले जास्त लक्षात राहते आणि सूचनांची संख्या वाढली की विसरण्याचे प्रमाणही वाढते, असे त्यांना दिसले. नेदरलँड्समधील रॉय केसल्स यांनी २००३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यानुसार सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात, आणि जी आठवते तिच्यातलीही जवळजवळ निम्मी चुकीची आठवते. यात रुग्णाच्या बुद्धीचा किंवा शिक्षणाचा दोष काढणे अन्यायाचे आहे. आजाराचे नाव कानावर पडले की मन तिथेच अडकते. पुढची दहा मिनिटे डॉक्टर औषधांचे डोस, दुष्परिणाम, पुढच्या तपासण्या समजावत असतात. समोरचा माणूस मान डोलावतो, पण त्याच्यापर्यंत त्यातले फार थोडे पोहोचते.

घरी पोहोचताच पहिला प्रश्न येतो, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ ज्याला स्वतःला नीट ऐकू आलेले नाही, त्यालाच आता सगळ्यांना सांगायचे असते, आणि तेही त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी बघत. काही गोष्टी तो गाळतो, काही सौम्य करतो, काही त्याला उलट्याच आठवतात. ध्वनिमुद्रणाचा सर्वांत मोठा उपयोग इथे होतो. घरच्यांना डॉक्टरांचे शब्द डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायला मिळतात आणि निरोप्याचे ओझे रुग्णाच्या खांद्यावरून उतरते. स्मरणशक्तीच्या चाचणीत किती गुण वाढले हे संशोधक मोजतात. हा दिलासा तशा मोजमापात सहसा येत नाही, तरी तोच या पद्धतीचा खरा लाभ म्हणावा लागेल.

इतिहास : फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये छोटी कॅसेट बाजारात आणल्यावर ही गोष्ट घरगुती आवाक्यात आली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे ह्यू बट यांनी १९७७ मध्ये एका लेखात रुग्णांना भेटीची टेप देण्याची रीत मांडली. पुढच्या दोन दशकांत कर्करोग विभागांमधून याच्या रीतसर चाचण्या झाल्या.

त्यांतली सिडनीत झालेली आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. काही रुग्णांना त्यांच्या स्वतःच्या भेटीची टेप दिली, काहींना कर्करोगाविषयी सर्वसाधारण माहितीची टेप दिली, आणि काहींना कोणतीच दिली नाही. सर्वसाधारण माहितीच्या टेपने मदत होण्याऐवजी भेटीतले बोलणे आठवण्यात अडथळाच आला. छापील पत्रके आणि तयार व्हिडिओ वाटून ‘माहिती दिली’ असे समाधान मानणाऱ्यांनी या निष्कर्षाकडे पुन्हा पाहावे. रुग्णाला आजाराचा धडा नको असतो, स्वतःच्या शरीराविषयी बोललेले वाक्य हवे असते.

परिणाम : कॅनडातील सहा कर्करोग केंद्रांत स्तनांच्या कर्करोगाच्या ६२८ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. टेप मिळालेल्या स्त्रियांना ती उपयोगी वाटली आणि उपचारांच्या दुष्परिणामांविषयी बोलणे झाल्याचे त्यांना इतरांपेक्षा जास्त आठवत होते. मनःस्थिती आणि जीवनमान यांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. कॉक्रेन या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात १६ चाचण्यांचा एकत्र विचार झाला. त्यातही चित्र असेच होते. वेगवेगळ्या अभ्यासांत ६० ते १०० टक्के रुग्णांनी रेकॉर्डिंग किंवा लेखी सारांश निदान एकदा तरी ऐकला वा वाचला, निम्म्याहून थोड्या अधिक अभ्यासांत आठवण सुधारली, पण चिंता व नैराश्य यांवर ठाम परिणाम आढळला नाही. तेव्हा हे मन हलके करणारे औषध आहे असा दावा कोणी करू नये. ते समजण्याचे साधन आहे.

कर्करोगाबाहेरचे एक चांगले उदाहरण ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिलचे आहे. तिथे नवजात अतिदक्षता विभागात ज्यांची बाळे होती अशा २०० मातांवर झालेली चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टरांशी झालेल्या बोलण्याची टेप ज्या मातांना दिली, त्यांना बाळाचे निदान, उपचार आणि पुढचे भवितव्य यांविषयी दहा दिवसांनीही आणि चार महिन्यांनीही जास्त आठवत होते. बाळंतपणाचा थकवा आणि काचेच्या पेटीतले बाळ अशा अवस्थेत ऐकलेले बोलणे टिकत नाही, हे कोणाही आईला सांगावे लागणार नाही.

दुसरी बाजूही आहे. ब्रिटनमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांच्या आजाराचे भवितव्य वाईट होते अशा रुग्णांपैकी टेप मिळालेल्यांचा मानसिक त्रास सहा महिन्यांनंतर इतरांइतका कमी झालेला नव्हता. वाईट बातमी पुन्हा पुन्हा ऐकणे प्रत्येकाला झेपत नाही. म्हणून रेकॉर्डिंग द्यावे, पण ऐकण्याची सक्ती करू नये. ‘ऐकलेत का?’ असा तगादा तर मुळीच लावू नये. कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिलेली टेपही वाया गेली असे होत नाही. ती केव्हा लावायची हे ठरवणे रुग्णाच्या हाती असते, आणि आजारपणात स्वतःच्या हाती उरलेल्या गोष्टी थोड्याच असतात.

गुपचूप रेकॉर्डिंग : मोबाइल आल्यावर ‘टेप द्यायची का’ या प्रश्नाची जागा ‘रुग्ण सांगून रेकॉर्ड करतो की लपवून’ या प्रश्नाने घेतली. ब्रिटनमधील एका सर्वेक्षणात (२०१५) उत्तर देणाऱ्यांपैकी १५ टक्के लोकांनी आपण डॉक्टरांना न सांगता रेकॉर्डिंग केल्याचे सांगितले, तर ३५ टक्क्यांनी तसे करण्याचा विचार करू असे म्हटले. सर्वेक्षण लहान होते, पण रुग्ण मागायला कचरतात हे त्यातून कळते. लपवण्यामागे कित्येकदा वैर नसते, नकाराची भीती असते.

कायदा देशागणिक बदलतो. कॅनडात संभाषणातील एका व्यक्तीची संमती पुरते, म्हणजे रुग्णाची स्वतःची. अमेरिकेतील ५० पैकी ३९ राज्यांत असाच नियम असल्याचे २०१७ मधील एका आढाव्यात नोंदवले आहे. उरलेल्या ११ राज्यांत सर्वांची संमती लागते. जर्मनीत खासगी बोलणे परवानगीवाचून रेकॉर्ड करणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि फ्रान्सचा दंडविधानही त्याच अंगाने जातो. डॉक्टरांना रुग्णाचे बोलणे रेकॉर्ड करायचे असेल तर संमती घेणे हा वैद्यकीय नीतीचा सर्वमान्य नियम आहे. रुग्णाने आपणहून परवानगी मागितली तर दोन्ही बाजूंचा हिशेब सरळ राहतो.

डॉक्टरांची धास्ती मुख्यतः कोर्टकचेरीची असते, आणि ती अगदी निराधार नाही. व्हर्जिनिया राज्यात २०१५ मध्ये एका रुग्णाला ज्यूरीने पाच लाख डॉलर भरपाई दिली. तो भुलीखाली असताना डॉक्टरांनी केलेली त्याची टिंगल त्याच्या चालू राहिलेल्या मोबाइलवर रेकॉर्ड झाली होती. पण त्या प्रकरणात दोष टिंगलीचा होता. नीट समजावून सांगणाऱ्या डॉक्टरला रेकॉर्डिंग पुरावा म्हणून उपयोगीच पडते, कारण धोक्यांची कल्पना दिली होती की नाही हा वाद तिथल्या तिथे मिटतो. ॲरिझोनातील फिनिक्स येथील बॅरो न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये रुग्णांना भेटीचे व्हिडिओ नेहमी देऊ केले जातात. तिथे या पद्धतीत भाग घेणाऱ्या डॉक्टरांना खटल्यापासूनच्या संरक्षणाच्या खर्चात १० टक्के सवलत आणि दहा लाख डॉलरचे वाढीव संरक्षण मिळत असल्याचे २०१७ मध्ये नोंदवले गेले.

व्यवहार : चांगले रेकॉर्डिंग आपोआप होत नाही. डॉक्टर एक्स-रेवर बोट ठेवून ‘इथे बघा, ही गाठ’ म्हणतात, तेव्हा टेपवर फक्त ‘इथे’ उरते. सरावलेले डॉक्टर ‘उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात’ असे म्हणतात, औषधाचे नाव सावकाश उच्चारतात आणि शेवटी मुख्य गोष्टी पुन्हा सांगतात. ही सवय रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याइतकीच समोर बसलेल्या माणसालाही लाभते. कपडे उतरवून होणारी तपासणी किंवा घरच्यांपासून राखायच्या गोष्टी आल्या की रेकॉर्डिंग थांबवण्याची मोकळीक दोघांनाही हवी. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा आवाज त्यात येऊ नये, ही काळजी बहुशय्यी कक्षात घ्यावी लागते. फाइलला तारीख आणि डॉक्टरांचे नाव दिले नाही, तर सहा महिन्यांनी हवी ती भेट सापडत नाही.

मेलबर्नच्या पीटर मॅकॅलम कर्करोग केंद्राने यासाठी सेकंडइअर्स नावाचे मोबाइल ॲप तयार केले. अलीकडे आवाजावरून आपोआप मजकूर तयार करणारी यंत्रणाही आली आहे. वाचायला ती सोयीची, पण भरवशाची मानू नये. ओपनएआय कंपनीच्या व्हिस्पर या अशाच एका यंत्रणेची तपासणी करणाऱ्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनितुकड्यांच्या मजकुरात मुळात न बोललेली वाक्ये आढळली. ‘गोळी बंद करा’ आणि ‘गोळी बंद करू नका’ यांत एका शब्दाचेच अंतर आहे. म्हणून मजकूर मिळाला तरी मूळ आवाज पुसू नये. डॉक्टरांच्या नोंदी लिहिण्यासाठी खोलीतले बोलणे ऐकणारी साधनेही आता वापरात आहेत. त्यांतील ध्वनिमुद्रण अनेकदा नोंद तयार होताच पुसले जाते. म्हणजे भेट रेकॉर्ड होते आणि रुग्ण तरीही रिकाम्या हाताने घरी जातो. पुसण्यापूर्वी त्याची एक प्रत रुग्णाला देता येईल.