रविवर्मा प्रेसचे ओलिओग्राफ: विकत घेण्याआधीची पार्श्वभूमी

जुन्या तसबिरींच्या दुकानात ‘ओरिजिनल रविवर्मा’ म्हणून जे पुढे येतं ते बहुतेकदा ओलिओग्राफ असतं, म्हणजे दगडावरून रंगीत छापून वर रोगण चढवलेलं चित्र. भिंतीवर ते सुरेख दिसतं, घ्यायलाही हरकत नाही. फक्त ‘ओरिजिनल’ कशाला म्हणायचं हे आधी कळलेलं बरं.

देवादिकांची छापील चित्रं राजा रविवर्मांच्या आधीही मिळत. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा छापखाना १८७८ साली निघाला, कोलकात्यात कलकत्ता आर्ट स्टुडिओही त्याच सुमाराचा. रविवर्मांची तैलचित्रं मात्र संस्थानिकांच्या वाड्यांतच राहत. त्यांच्या छापील प्रती काढा, असा सल्ला त्रावणकोर आणि बडोदा संस्थानांची दिवाणगिरी केलेल्या टी. माधवरावांनी त्यांना पूर्वीच दिला होता. अखेर १८९४ मध्ये रविवर्मा आणि धाकटे बंधू राजा वर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. धंदा काही बसला नाही आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, छापखाना मात्र चालूच राहिला. १९७२ च्या आगीत तो संपला.

घेणाऱ्याला उपयोगी पडतो तो नेमका हा उत्तरार्ध. खाली ‘रविवर्मा प्रेस’ छापलेलं चित्र रविवर्मांचंच असेल असं नाही. श्लायशरच्या काळात म. वि. धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांची चित्रंही तिथे छापली गेली. रविवर्मांची सही दिसली तरी ती बहुधा चित्राबरोबर दगडावरून उतरलेली असते. ‘सही केलेली प्रत’ म्हणून जास्त पैसे मोजायचं कारण नाही. समासातल्या मजकुरावरून काळाचा अंदाज येतो. मुंबई की मळवली-कारला-लोणावळा, विक्रेते अनंत शिवाजी देसाई यांचं नाव आहे का, हे वाचावं. दुर्दैवाने चौकटीत बसवण्यासाठी हाच समास सर्रास कापला गेलाय. कापलेली प्रत स्वस्त मिळायला हवी, एवढं तरी विक्रेत्याला सांगता येतं.

खरी परीक्षा दहापट भिंगाखाली होते. ओलिओग्राफमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड असे. बारीक कणांच्या, घट्ट चुनखडीच्या त्या दगडावर कारागीर तेलकट शाईने हाताने ठिपके देई आणि कागद एकेका दगडावरून पुन्हा पुन्हा जाई. म्हणून देवीच्या गालावर भिंग धरलं की गुलाबी, फिका तपकिरी, निळसर राखाडी असे वेगवेगळे ठिपके दिसतात, लहानमोठे आणि बेशिस्त. कागद किंचित सरकला असेल तर ओठांच्या किंवा साडीच्या काठाला एखाद्या रंगाची बारीक किनार सुटलेली असते. नंतरच्या ऑफसेट छपाईत निळा, किरमिजी, पिवळा, काळा एवढेच चार रंग असतात आणि ठिपके जाळीसारखे रांगेत बसून मध्येमध्ये फुलासारखी नक्षी करतात. तशी नक्षी दिसली की ते पुनर्मुद्रण, कागद कितीही पिवळा असो. फसगत होते ती इंकजेट प्रतीत, कारण तिथेही ठिपके विखुरलेले दिसतात. पण ते एकसारखे बारीक फवाऱ्याचे असतात आणि त्यांत मोजक्याच शाया असतात. गालासाठी खास घोटलेला गुलाबी तिथे सापडत नाही. कॅनव्हासचा पोत दिसतो म्हणून तैलचित्र समजू नये. तो भास आणण्यासाठी छापील कागद दाबून खरबरीत करत.

चित्र चौकटीतून काढून दाखवायला सांगावं. मागे फळी ठोकलेली असेल तर लाकडातल्या आम्लाने कागदावर तपकिरी पट्टे उमटतात, गाठींचे डागसुद्धा. असा कागद दुमडला की तुटतो. रोगण पिवळं पडलं असेल तर ते घरी पुसायला जाऊ नये. ओल्या फडक्याने रोगण पांढुरकं होतं, कागद फुगतो. दमट हवेत रोगण काचेला चिकटतं. चिकटलेलं चित्र ओढून काढलं की रंग काचेवर राहतो, ते काम जतनतज्ज्ञाचं. जरीची तार, टिकल्या, कापड लावून सजवलेल्या प्रतींना खोल चौकट लागते. लॅमिनेशन तर कुणी फुकट करून दिलं तरी नको.

नवी चौकट करताना आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) घालून काच आणि कागद यांत तीन-चार मिलिमीटर जागा ठेवावी. पावसाची ओल येणारी बाहेरची भिंत टाळावी. चौकटीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबरी ठोकळे लावले की हवा खेळती राहते. थेट ऊन नकोच.

प्रत परदेशी पाठवायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली शंभर वर्षं झालेली कलाकृती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. चित्राचं वय ठरवायचा अधिकार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा, तेव्हा आधी त्यांच्याकडून लेखी घ्यावं.