शटआउट (बेसबॉल), विशेषतः सीझनच्या शेवटी

शटआउट म्हणजे समोरच्या टीमला पूर्ण मॅचमध्ये एकही रन न देता जिंकणं, स्कोअरबोर्डवर त्यांच्या रांगेत नऊच्या नऊ इनिंगला (म्हणजे डावांना) भोपळे. क्रिकेट बघणाऱ्याला हे अचाट वाटेल, पण बेसबॉलमध्ये एक टीम मॅचला सरासरी चार-पाचच रन करते, त्यामुळे भोपळा अगदीच नवलाचा नाही. टीमचा शटआउट आणि पिचरचा (म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा) शटआउट यात मात्र फरक आहे. चार पिचरनी मिळून रन दिला नाही तरी टीमचा शटआउट होतो, पण पिचरच्या खात्यात तो तेव्हाच पडतो जेव्हा पठ्ठ्या एकटा पूर्ण मॅच टाकतो.

अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये प्रत्येक टीम 162 मॅच खेळते आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत सगळ्यांचे खांदे बोलायला लागलेले असतात. ज्यांचा निकाल लागलाय ते नवीन पोरांना खेळवून बघतात, 2019 पर्यंत तर 1 सप्टेंबरपासून 40 जणांपर्यंत टीम वाढवता यायची, आता मर्यादा 28 आहे. ज्यांची प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेरीची) शर्यत चालू आहे त्यांच्यासाठी मात्र 1-0 ची एक मॅचही सोन्याची. 26 सप्टेंबर 1908 ला शिकागो कब्जच्या एड रॉयलबाखने तर ऐन शर्यतीत ब्रुकलिनविरुद्ध एकाच दिवशी दोन्ही मॅच टाकल्या आणि दोन्ही शटआउट!

पण सप्टेंबरच्या शटआउटचं नाव काढलं की 1988 चा लॉस एंजेलिस डॉजर्सचा ओरेल हर्शायझर आठवतोच. त्या महिन्यात त्याने सलग पाच शटआउट टाकले, त्यातले दोन 1-0 चे. पाचवा सगळ्यात गमतीचा, 23 तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत. तिसऱ्या इनिंगमध्ये तिथल्या जायंट्स टीमचे रनर (बेसवर पोचलेले बॅटर) पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर, अर्नेस्ट राइल्सने ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) मारला, डबल प्लेसाठी (एकाच फटक्यावर दोघांना आउट करायला) शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरने) पहिल्या बेसकडे केलेला थ्रो भरकटला आणि तिसऱ्या बेसवरचा रनर आरामात घरी आला, म्हणजे रन झाला. मग सलग बिनरनच्या इनिंगचा सिलसिला संपला ना? तर नाही, अंपायर पॉल रुंगीने सांगितलं की दुसऱ्या बेसकडे येणाऱ्या ब्रेट बटलरने शॉर्टस्टॉपला अडथळा केला, म्हणून बटलर आणि राइल्स दोघंही आउट, इनिंग खलास, रन रद्द. पुढे मिकी हॅचरच्या तीन रनच्या होमरनवर (सीमेपार फटक्यावर) डॉजर्स 3-0 ने जिंकले.

नशीब म्हणा हवं तर, पण ज्या पिचरचा हा विक्रम मोडायचा होता त्या डॉन ड्रायस्डेललाही 1968 मध्ये जायंट्सविरुद्धच असाच अंपायर पावला होता. तिन्ही बेसवर रनर असताना बॅटरला बॉल लागला, म्हणजे फुकटचा रन मिळायला हवा होता, पण बॅटरने चुकवायचा प्रयत्नच केला नाही म्हणून तो धरला गेला नाही. ड्रायस्डेलचे शटआउट सलग सहा, म्हणजे तो विक्रम त्याच्याकडेच राहिला, हर्शायझरने मोडला तो सलग बिनरनच्या इनिंगचा, 58 चे 59.

आणि मजा अशी की 28 सप्टेंबरला सॅन डिएगोत विक्रम मोडला ती मॅच हर्शायझरच्या खात्यात ना शटआउट म्हणून आहे ना विजय म्हणून. दोन दिवस आधीच डॉजर्सनी डिव्हिजन (लीगमधला आपला गट) जिंकलेली, त्यामुळे मॅचला तसा अर्थ नव्हता, त्याने 10 इनिंग शून्यावर टाकल्या, पण सॅन डिएगोच्या पाद्रेज टीमच्या अँडी हॉकिन्सनेही तेच केलं, मग दोघंही बाहेर आणि 16 व्या इनिंगमध्ये पाद्रेज 2-1 ने जिंकले. ऑक्टोबरमध्ये मात्र त्याने प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध निर्णायक सातव्या मॅचमध्ये आणि वर्ल्ड सिरीजमध्ये (म्हणजे फायनलमध्ये) ओकलंडविरुद्ध, दोन्हीकडे 6-0 चे शटआउट टाकून हिशोब चुकता केला.

आता एकट्याचा शटआउट दुर्मीळच झालाय, कारण टाकलेले बॉल मोजून पिचरला सहाव्या-सातव्या इनिंगला काढतात. जुन्या काळच्या वॉल्टर जॉन्सनचे करिअरमध्ये 110 शटआउट, तर आपल्या काळातला सगळ्यात भारी मानला जाणारा क्लेटन कर्शॉ 15 वर थांबला.